बिनरंगी धार

भट्टीतून बाहेर पडणारं प्रत्येक मद्य पाण्यासारखं स्वच्छ असतं. स्कॉटलंडची व्हिस्की असो, फ्रान्समधलं कोन्याक असो की कॅरिबियन बेटांवरची रम, थेंब पडतो तेव्हा त्याला रंग नसतो. सोनेरी, मधाळ, तांबूस अशा ज्या छटा आपण बाटलीत पाहतो त्या नंतर येतात. त्या येतात ओकच्या लाकडी पिंपात घालवलेल्या वर्षांतून आणि पुष्कळदा वरून घातलेल्या जळक्या साखरेतून. मद्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यातलं बहुतेक या वर्षांबद्दल असतं: बारा वर्षं मुरलेलं, अठरा वर्षं मुरलेलं. ज्यांच्या वाट्याला पिंप येतच नाही अशा मद्यांकडे त्या मानाने दुर्लक्ष होतं. मेक्सिकोची ब्लांको तकीला, पेरू देशाचा पिस्को, मध्य भारतातली मोहाची दारू, गोव्याची काजूफेणी आणि अलीकडे अमेरिकेतल्या लहान भट्ट्यांवर पुन्हा गाळली जाणारी, न मुरवलेली राय व्हिस्की ही सगळी त्या कुटुंबातली.

हे प्रकरण या कुटुंबाबद्दल आहे. न मुरवलेलं मद्य चाखणं मुरवलेल्यापेक्षा अवघड आहे आणि अधिक शिकवणारंही आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्यात फळ किंवा धान्य कसं होतं, ते कसं आंबलं आणि गाळणाऱ्याने धार कुठे तोडली, एवढंच असतं. काही चुकलं असेल तर ते झाकायला चौथं कोणी नसतं.

पिंगुळीतलं बोंडू

या कुटुंबाची सर्वांत जवळची शाखा पाहायची तर सिंधुदुर्गात यावं लागेल. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीसारख्या गावात मार्च उजाडला की काजीच्या झाडांखाली लाल-पिवळा सडा पडू लागतो. मालवणीत याला बोंडू म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे फळ नव्हे. खालच्या टोकाला लटकणारी मुरडलेली बी हेच काजूचं खरं फळ, आणि बोंडू म्हणजे त्याचा फुगलेला, रसाळ देठ. बीच्या टरफलात कातडी भाजून काढणारं तेल असतं. बोंडात मात्र भरपूर रस, दहा-बारा टक्क्यांच्या आसपास साखर, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व आणि घसा आवळून धरणारा तुरटपणा.

काजू मूळचा ब्राझीलचा. तिथले मूळ रहिवासी पोर्तुगीज येण्याआधीपासून बोंडाचा रस आंबवून पीत होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे झाड गोव्यात आणलं आणि तिथून ते कोकणच्या कातळावर, जांभ्या मातीत, जिथे दुसरं फारसं काही टिकत नाही अशा उतारांवर पसरलं. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या सुधारित जाती दिल्या. वेंगुर्ला-4 ची बोंडं लाल, वेंगुर्ला-7 ची पिवळी. या जाती निवडताना लक्ष होतं ते बीच्या आकारावर, वजनावर आणि गराच्या उताऱ्यावर. बोंडाच्या सुगंधासाठी कोणी झाड निवडलं नाही, कारण बोंडाला बाजारच नव्हता.

वजनाचा हिशोब मांडला की ही गोष्ट डोळ्यांत भरते. बोंड हे बीच्या अनेकपट जड असतं. म्हणजे एक टन काजू बी गोळा होते तेव्हा तिच्यासोबत कित्येक टन बोंडं झाडाखाली पडलेली असतात. बोंडाची साल नाजूक असते. पडताच ते फुटतं आणि दिवसभरात आंबू लागतं. ना ते मुंबईला पाठवता येतं, ना आठवडाभर साठवता येतं. बी पिळून घेतली जाते आणि बोंडू तिथेच कुजतो. गोव्याची हद्द इथून गाडीने तासाभराच्या आत येते, आणि हद्दीपलीकडे हाच बोंडू हंगामातलं मुख्य पीक ठरतो.

वॉशिंग्टनची राय

जरा लांब जाऊ, कारण न मुरवलेल्या मद्याला कमी लेखण्याची सवय फार जुनी नाही, हे समजण्यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण उपयोगी आहे.

राय हे गव्हाच्या नात्यातलं, थंड आणि निकस जमिनीत तग धरणारं धान्य. आपल्या फोडणीतल्या राईशी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत व्हिस्की म्हणजे मुख्यतः रायची व्हिस्की. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1797 मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या आग्रहावरून माउंट व्हर्नन इथल्या आपल्या इस्टेटीवर भट्टी लावली. मिश्रण असं: 60 टक्के राय, 35 टक्के मका, 5 टक्के मोड आणलेलं जव. 1799 साली त्या भट्टीने सुमारे 11,000 गॅलन व्हिस्की काढली. ती गाळली, पिंपात भरली आणि विकली. पिंप होतं ते वाहतुकीसाठी. मुरवण्यासाठी वाट पाहण्याची कल्पना तेव्हा सर्वसाधारण नव्हती. वॉशिंग्टनचे ग्राहक जी व्हिस्की पीत होते ती बिनरंगी होती.

ही भट्टी पुन्हा बांधून 2007 मध्ये सुरू झाली आणि तिथे जुन्या कृतीने केलेली न मुरवलेली राय विकली जाऊ लागली. त्याच सुमारास अमेरिकेत लहान भट्ट्यांची लाट आली. नव्या भट्टीला पहिल्या दिवसापासून खर्च असतो आणि मुरलेलं मद्य विकायला काही वर्षं थांबावं लागतं. म्हणून अनेकांनी पांढरी राय आधी बाजारात आणली. अमेरिकेच्या नियमानुसार राय व्हिस्की म्हणवण्यासाठी किमान 51 टक्के राय हवी, ती 80 टक्क्यांहून जास्त तीव्रतेची गाळलेली नसावी आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवलेली हवी. किती काळ ठेवायची हे मात्र नियम सांगत नाही. स्कॉटलंडमध्ये ही मुदत किमान तीन वर्षांची आहे.

अशी पांढरी राय नाकाशी नेली की पहिल्यांदा येतो तो आंबलेल्या पिठाचा वास, मग ओलं गवत, मग मिरी आणि लवंग. लवंगेचा हा वास कल्पनेचा खेळ नव्हे. रायच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. यीस्ट आणि उष्णता त्याचं एका सुगंधी द्रव्यात रूपांतर करतात आणि ते द्रव्य आपल्या नाकाला लवंगेची आठवण देतं. चार वर्षं पिंपात राहिलेल्या रायमध्येही ते असतं, पण व्हॅनिलाच्या मागे. न मुरवलेल्यात ते पुढे येऊन उभं राहतं.

कोळंबी ते लावणी

धान्य आणि फळ यांत एक मूलभूत फरक आहे. रायमध्ये साखर नसते, स्टार्च असतो. मोड आणून, दळून, गरम पाण्यात ठेवून त्याची साखर करावी लागते आणि मगच यीस्टला काम मिळतं. रायची खळ इतकी चिकट होते की ती ढवळताना आणि उकळताना तळाला लागू न देणं हेच मोठं कौशल्य. मात्र धान्य साठवता येतं, म्हणून भट्टी वर्षभर चालते. बोंडात साखर तयारच असते, पण ती थांबत नाही. फेणीचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत. पहिला मोठा पाऊस पडला की संपला. वर्षभराची कारागिरी या अडीच-तीन महिन्यांत उरकायची असते.

पारंपरिक रीत अशी. बोंडं झाडावरून तोडायची नाहीत. पूर्ण पिकून खाली पडलेलीच वेचायची. बी पिळून वेगळी करायची. मग कातळात कोरलेल्या किंवा बांधून काढलेल्या उथळ कुंडात, ज्याला गोव्यात कोळंबी म्हणतात, ती पायांनी तुडवायची. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, त्याला वेलीने आवळून, वर दगडाचं वजन ठेवलं की थेंबथेंब जो स्वच्छ रस गळतो तो नीरो. हंगामात तो तसाच गार करून प्यायला जातो. आंबवण्यासाठी बाहेरून यीस्ट घालत नाहीत. बोंडाच्या सालीवर आणि हवेत जे असतं तेच काम करतं. कोकणच्या उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत रस फसफसून शांत होतो.

इथे एक छोटा हिशोब करून पाहू. दहा टक्के साखर पूर्ण आंबली तर जास्तीत जास्त सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. म्हणजे शंभर लिटर आंबलेल्या रसात पाच-सहा लिटर अल्कोहोल. बाजारात मिळणारी फेणी बहुधा 42.8 टक्क्यांची असते. तेव्हा या शंभर लिटरांतून, काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी, बारा ते चौदा लिटर फेणी. प्रत्यक्षात वाया जातंच, त्यामुळे हाती येते ती याहून कमी. एका बाटलीमागे किती बोंडं वेचलेली असतात हे लक्षात आलं की ती उभ्याने घशाखाली ढकलण्याची गोष्ट राहत नाही.

आंबलेला रस तांब्याच्या हंड्यात, म्हणजे भाणात, लाकडाच्या आचेवर तापवतात. वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती थंड करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि द्रव बनते. पहिल्या फेरीत जे मिळतं ते उर्राक, काही ठिकाणी हुर्राक: साधारण पंधरा टक्क्यांचं, हलकं, फळाच्या वासाचं, हंगामातच संपवायचं. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळलं की तीव्रता वाढते आणि फेणी तयार होते. पूर्वी तिसरी फेरीही करत. आज बहुतेक भट्ट्यांवर दुसऱ्याच फेरीत काम संपतं. मग ती काचेच्या मोठ्या बुधल्यांत, गराफांवात, भरून ठेवायची. काच काही देत नाही आणि काही घेत नाही. ठेवल्याने फेणी थोडी शांत होते, पण तिचं रूप बदलत नाही.

तांब्याच्या भांड्याला महत्त्व आहे. आंबवताना गंधकाची काही उग्र संयुगं तयार होतात, आणि काजूच्या बोंडात मुळातही ती थोडी असतात. तांबं त्यांना पकडून ठेवतं. जे मद्य पिंपात जाणार नाही त्याच्यासाठी ही शुद्धी इथेच व्हावी लागते. पुढे दुसरी संधी नाही.

पिंप काय करतं

न मुरवलेलं मद्य नीट समजायला पिंप काय करतं ते आधी कळायला हवं. ते तीन कामं करतं.

पहिलं, भर घालतं. ओकच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येतं, काही संयुगांमुळे नारळासारखा वास येतो, टॅनिनमुळे रंग आणि हलका तुरटपणा येतो. दुसरं, काढून घेतं. पिंपाची आतली जळकी बाजू म्हणजे कोळशाचा थर. तो गंधकाची उग्रता शोषून घेतो. तिसरं, बदल घडवतं. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येते, आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातून हळूहळू नवे सुगंध तयार होतात आणि बरंच मद्य उडूनही जातं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडतं, बंगळूरच्या हवेत दहा टक्क्यांच्या पुढे.

या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण त्यांचा एक परिणाम असा की मुळातलं मद्य थोडं सदोष असलं तरी चालून जातं. वाटणात मुरलेल्या रश्शात शिळ्या बांगड्याची ओळख पटायला वेळ लागतो, नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला बांगडा लगेच खरं सांगतो. पिंपाचं आणि मद्याचं नातं असंच आहे. म्हणून चांगली फेणी किंवा चांगली पांढरी राय करणं सोपं काम नाही. वेळ आणि लाकूड यांवर सोपवता येईल असं तिथे काहीच नसतं.

इथे एक आश्चर्याची गोष्ट आहे. बोंडाची ओळख असलेला तुरटपणा फेणीत नसतो. तुरटपणा देणारी टॅनिन, साखर, जीवनसत्त्वं यांतलं काहीही वाफेबरोबर जात नाही. ते सगळं भाणाच्या तळाशी राहतं. नळीतून पलीकडे जातं ते फक्त उडून जाऊ शकणारं: पाणी, अल्कोहोल आणि गंध. म्हणून फेणी जिभेवर गोड लागते असं वाटतं तेव्हा ती गोड नसते. पिकलेल्या फळाचा वास आणि गोडी यांची जोडी आपल्या मेंदूत इतकी पक्की आहे की वास आला की मेंदू गोडी पुरवतो. गाळलेलं मद्य म्हणजे फळातून वेगळा काढलेला वास, असं म्हटलं तर ते जवळजवळ शब्दशः खरं आहे.

पहिली धार, मधली धार

महाराष्ट्रात पहिल्या धारेच्या दारूला मोठा मान आहे. पहिली धार सर्वांत कडक, म्हणून सर्वांत चांगली, असा सर्रास समज. ती कडक असते हे खरं. पण गाळणारा कारागीर तिच्याकडे संशयाने पाहतो. सुरुवातीच्या वाफेत सर्वांत लवकर उडणारी द्रव्यं एकवटलेली असतात: अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट. त्यांचा वास नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा येतो. शेवटच्या धारेत अल्कोहोल कमी होऊन जड, तेलकट, ओल्या पुठ्ठ्यासारखे वास येतात. मधली धार ठेवायची आणि दोन्ही टोकं वेगळी काढायची, हेच गाळण्याचं मर्म. कुठे तोडायचं हे नाकावर ठरतं. फार लवकर तोडलं तर मद्य स्वच्छ पण निर्जीव होतं. उशिरा तोडलं तर भरदार पण उग्र. प्रत्येक भट्टीची चव या एका निर्णयात असते.

तीव्रता ओळखायची जुनी रीत म्हणजे फेस पाहणं. मद्य उंचावरून भांड्यात ओतायचं आणि उठणारे बुडबुडे किती मोठे आहेत, किती वेळ टिकतात ते पाहायचं. अमेरिकेच्या डोंगराळ भागात चोरून गाळणारेही बरणी हलवून हेच करत. अल्कोहोल आणि पाण्याच्या प्रमाणाप्रमाणे द्रवाचा पृष्ठताण बदलतो आणि बुडबुड्याचं आयुष्यही बदलतं. अनुभवी डोळ्याला त्यातून बऱ्यापैकी अंदाज येतो.

पण या रीतीला एक मर्यादा आहे आणि ती जिवावर बेतणारी आहे. फेस, वास, चव किंवा पेटवून ज्योतीचा रंग पाहणं, यांतल्या कशानेही मिथेनॉलची खात्रीशीर पारख होत नाही. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं आणि इथेनॉल 78.3 अंशांना, म्हणून पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं, असं सांगितलं जातं. तेही पूर्ण खरं नाही. पाण्याच्या सोबतीत ते संपूर्ण गाळणीभर थोडं थोडं येत राहतं. फळ नीट आंबवून गाळलं तर त्याचं प्रमाण मुळात कमी असतं. मोठ्या दुर्घटना घडतात त्या कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्याने. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसं अशीच दगावली. म्हणून न मुरवलेलं मद्य चाखायचं ते परवानाधारक भट्टीचं, मोहोरबंद बाटलीतलं. यात तडजोड नाही.

चाखायचं कसं

आता पेला हातात घेऊ. पेला तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास निसटतो. मद्य थोडंच घ्यावं, चमचा-दोन चमचे. बर्फ नको, लिंबू नको, सरबत नको. गोव्यात उर्राक लिमका, मीठ आणि हिरव्या मिरचीबरोबर पितात आणि ते छान लागतं. पण तो पिण्याचा आनंद झाला, ओळख करून घेण्याची वेळ वेगळी.

पेला एकदम नाकाला लावू नये. हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणावा आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्यावा. 40 टक्क्यांच्या मद्याची वाफ नाकात घुसली की नाक काही क्षण बधिर होतं आणि पुढचं काही कळत नाही. अल्कोहोलच्या दाहाचं कारणही रंजक आहे. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारे संवेदक असतात. मिरचीचा तिखटपणाही तेच टिपतात. एरवी 42-43 अंशांच्या वर ते पोळल्याचा इशारा देतात. अल्कोहोल हा उंबरठा 34 अंशांच्या आसपास आणून ठेवतं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या खाली. त्यामुळे मद्य थंड असलं तरी तोंडाला भाजल्यासारखं वाटतं.

म्हणून पाणी घालावं, आणि त्यात कमीपणा नाही. स्कॉच व्हिस्कीचे पारखी मद्य 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करूनच हुंगतात. फेणीत तिच्याइतकंच पाणी घातलं की दाह ओसरतो आणि मागे दडलेलं पुढे येतं. आता पुन्हा वास घ्यावा. मला चांगल्या फेणीत सर्वांत आधी ओळखू येतो तो पिकून ओघळलेल्या बोंडाचा, गोड आणि किंचित कुबट वास. मग अननस आणि फणस. ही फळं त्यात कोणी घातलेली नसतात. आंबताना तयार होणारी एस्टर नावाची द्रव्यं या सगळ्या फळांत सामाईक आहेत. त्याच्या मागून येते हिरवी, जरा रानवट कडा, आणि लाकडाच्या आचेची भट्टी असेल तर धुराची पुसट छाया.

मग एक लहान घोट. तो जिभेवर पसरू द्यावा, गिळावा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडावा. घशामागून नाकाकडे जाणारी ही वाट फार महत्त्वाची. चव म्हणून आपण जे ओळखतो त्याचा मोठा भाग इथेच कळतो. आता स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. फळ ओळखू येतं का? घोट गेल्यावर मागे काय उरतं, फळ की नेलपॉलिश? आणि ते किती वेळ टिकतं? शेवटी दोन थेंब तळहातावर चोळावेत. अल्कोहोल काही सेकंदांत उडतं आणि जड गंध तेवढे मागे राहतात. तिथे ताजं फळ किंवा धान्य राहिलं तर धार योग्य ठिकाणी तोडली होती. ओल्या पुठ्ठ्याचा वास राहिला तर गाळणाऱ्याने हात आखडता घ्यायला हवा होता.

हे सगळं करायला फार मद्य लागत नाही. चाखणं आणि पिणं यांतलं अंतर राखणं हा या कलेचाच भाग आहे. ज्याला दोन घोटांत कळतं त्याला तिसऱ्याची गरज नसते.

हद्दीच्या अलीकडे

2009 मध्ये गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. भूगर्भशास्त्राकडून फेणीकडे वळलेले हॅन्सेल वाझ यांच्यासारखे गाळणारे तिची ओळख स्वस्त, उग्र दारू या शिक्क्यातून बाहेर काढत आहेत. मानांकनाचा अर्थ असा की हद्दीच्या अलीकडे, त्याच जांभ्या मातीत, त्याच झाडाच्या बोंडापासून कोणी त्याच रीतीने मद्य गाळलं तरी त्याला फेणी म्हणता येणार नाही. ते योग्यच आहे. पण त्याला दुसरं नाव तरी असायला हवं, आणि ते अजून नाही.

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मद्य गाळायला, विकायला, नेआण करायला परवाना लागतो. गोव्यातून फेणीची बाटली परवान्याविना आणली तर बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर ती जप्त होऊ शकते. त्यामुळे पिंगुळीतल्या माणसाला आपल्याच परसातल्या फळाचं मद्य रीतसर चाखायचं तर पेडण्याच्या पुढे जावं लागतं. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा संबंध गराशी. बोंडू त्यात नाही. नाशिकच्या द्राक्षांसाठी राज्याने 2001 मध्ये धोरण आणलं आणि तिथे वाइनचा उद्योग उभा राहिला. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं, मोहफुलं अशा स्थानिक फळाफुलांपासूनच्या मद्यनिर्मितीला चालना देण्याचं ठरवलं. दिशा बरोबर आहे.

मात्र मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मोठा कारखाना उभारून बोंडाचा रस टाक्यांनी गोळा केला आणि उंच स्तंभातून शुद्ध अल्कोहोल काढलं, तर सिंधुदुर्गाच्या हाती एक निर्गंध द्रव येईल. तो उसाच्या मळीपासूनही मिळतो. बोंडाला किंमत येते ती त्याच्या गंधामुळे, आणि गंध टिकतो तो लहान भांड्यात, झाडापासून जवळ, पडलेलं फळ त्याच दिवशी तुडवलं तर. वाहतूक न सोसणाऱ्या फळाला लहान भट्टीच शोभते. वेंगुर्ल्यात बीसाठी जाती निवडल्या तशा बोंडासाठीही निवडता येतील. कोणत्या जातीचा नीरो कसा आंबतो हे पाहणं कृषी विद्यापीठाच्या आवाक्यातलं काम आहे. प्रत्येक गाळणीचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. दारूने घरं मोडतात हे कोकणाला कुणी शिकवायला नको, आणि म्हणूनच विनापरवाना, विनातपासणी गाळल्या जाणाऱ्या दारूपेक्षा थोडी, महाग आणि तपासलेली दारू बरी.

कौशल्य कसं टिकतं याचं उदाहरण पिंगुळीतच आहे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला एके काळी सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने जगली. आश्रय गेल्यावर ती विझण्याच्या बेतात होती. परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली, घराच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलेला जागा मिळाली, पाहायला येणारे मिळाले आणि पुढची पिढी शिकू लागली. काजूच्या भट्टीवरचं कौशल्य त्या तोलाचं आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण नाकाने धार तोडणारा माणूस तयार व्हायला अनेक हंगाम लागतात आणि त्याला लपून काम करावं लागलं तर तो आपली विद्या कोणाला देत नाही, यावर वाद नाही.

चाखणाऱ्याची जबाबदारी इथे सुरू होते. बाजारात जे विचारलं जातं तेच पुढे केलं जातं. आपण केवळ कडकपणा विचारला तर पहिली धारच बाटलीत येईल. आपण फळ विचारलं, कोणत्या गावचं आणि कोणत्या हंगामातलं ते विचारलं, धार कुठे तोडली ते विचारलं, तर गाळणाऱ्यालाही त्या उत्तरांची काळजी घ्यावी लागेल. उद्या सिंधुदुर्गातल्या एखाद्या लहान भट्टीवरून परवाना आणि नाव असलेली पहिली बिनरंगी बाटली बाहेर पडेल तेव्हा तिची पारख करू शकणारी माणसं इथे तयार असली पाहिजेत. ती तयारी आजपासून करता येते.